पायाखालचं कोलम

काल पहाटे तुळजामामींचा फोन आला. 'कशी आहेस' नाही, 'झोपमोड झाली का' नाही. "मार्गळी लागली की. उठलीस का नाहीं?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवूनही दिला. मी उठलेच होते. अण्णा नगरच्या या पाचव्या मजल्यावर दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होते, आणि जिन्याच्या खिडकीतून कुठल्याशा देवळातलं भजन वर येत होतं.

मार्गळी म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या आगेमागे येणारा तमिळ महिना. वर्षभर भट्टीत बसलेलं हे शहर या महिन्यात जरा भट्टीबाहेर येऊन श्वास घेतं. ज्या हवेला आमच्या माणदेशात 'आज बरं आहे' म्हणतात, तिला इथले लोक थंडी म्हणतात आणि कानावरून माकडटोप्या ओढतात. पहिल्या वर्षी मी त्यांना हसले होते. आता मलाही पहाटे स्वेटर लागतो, आणि माझा नवरा मिलिंद मला हसतो. पहाटेच्या अंधारात रस्त्यावर तीन तऱ्हेची माणसं असतात. देवळाला निघालेली, दारात कोलम म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी काढणारी आणि पळणारी. तिघांचंही एकमेकांवाचून काही अडत नाही, पण तिघंही एकमेकांना सांभाळून असतात.

मी तिसऱ्यांतली. बँकेत नोकरी करते, स्वयंपाक बरा करते, आणि चाळिशी ओलांडल्यावर मला ट्रायथलॉनचं वेड लागलं. पोहायचं, मग तसंच ओलेत्यानं सायकलवर बसायचं, मग उतरून पळायचं. सगळं एका दमात, एकाच सकाळी. मिलिंद म्हणतो, "लोक एका गोष्टीत हरतात, तू तिन्हींत हरायला जातेस." त्याचं खोटं नाही. मी कधी कुठल्या शर्यतीत वरच्या नंबरात आलेली नाही. पण खरं सांगायचं तर या शहराच्या शर्यती मी जिंकण्यासाठी पळतच नाही. मला त्या बघायच्या असतात, आणि पळल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

तिरुवल्लिकेणीतून जाणारी एक शर्यत मला अजून आठवते. जुन्या गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंना ती उंच उंच 'मॅन्शन' नावाची घरं, जिथं गावाकडून नोकरीसाठी आलेले एकटे पुरुष खोल्या घेऊन राहतात. आम्ही आत शिरलो तेव्हा उजाडत होतं. प्रत्येक मजल्याच्या सज्जात लुंगी नेसलेली, तोंडात ब्रश धरलेली माणसं ओळीनं उभी होती. एकानं तोंडातला फेस खाली जाऊ नये म्हणून मान वर करून ओरडायला सुरुवात केली, "ओडु! ओडु!" पळा, पळा. बघता बघता सगळे सज्जे ओरडू लागले. मला वाटलं, कुणी मोठा धावपटू माझ्या मागून येतोय. मागे वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. ती सगळी ओरड माझ्या एकटीसाठी होती. घरापासून इतक्या दूर राहणारी ही माणसं, सकाळी दात घासताना, एका अनोळखी बाईसाठी घसा फोडत होती. मी त्या दिवशी त्या गल्लीत आयुष्यातलं सगळ्यात वेगानं पळले, आणि पुढं मरीनाच्या चौपाटीला पोचल्यावर पोटात कळ येऊन चालत सुटले.

सायकलीची गोष्ट वेगळी. सायकलच्या शर्यतीत माणसं भेटत नाहीत, वारा भेटतो. किनाऱ्याच्या रस्त्यानं दक्षिणेकडे जाताना तो पाठीला हात लावून ढकलतो, आणि आपल्याला वाटतं, वा, काय पाय तयार झालेत आपले! मग वळण येतं. परतताना तोच वारा छातीवर हात ठेवून उभा राहतो. एकदा मी अशी वाऱ्याशी झटत असताना पांढऱ्या मिशांचे एक आजोबा शेजारून गेले. साधी सायकल, कपाळावर भस्माचे पट्टे, मागच्या कॅरिअरला पिशवी. "खाली वाका ताई, वाऱ्याला भांडायला तोंड देऊ नका," असं काहीसं तमिळमध्ये म्हणाले आणि पुढं गेले. ते शर्यतीत होते की भाजी आणायला निघाले होते, हे मला अजून कळलेलं नाही.

राहता राहिलं पाणी.

माझ्या लहानपणी पाणी म्हणजे हंड्यातलं. उन्हाळ्यात आई आम्हाला परातीत बसवून अंघोळ घालायची आणि परातीतलं पाणी तुळशीला आणि लिंबाला जायचं. नदी होती, पण तिच्या पात्रात आम्ही क्रिकेट खेळायचो. गुडघ्याच्या वर पाणी मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर, कोकणात, आणि ते पाहून दोन पावलं मागे सरले. अशा बाईनं पोहायला शिकणं हाच एक विनोद होता. पण शिकले. तलावात, कठड्याला धरून, नाकातोंडात पाणी जात, शेजारच्या चिल्ल्यापिल्ल्यांचं हसू झेलत शिकले. तलावात मी आता बरी पोहते. समुद्रात मात्र माझे हात माझे राहत नाहीत.

समुद्रातल्या शर्यतीत पहिल्या वर्षी लाटांच्या पलीकडे गेले, पायाखाली काही नाही हे उमगलं आणि बचावाच्या होडीला जी मिठी मारली ती किनारा येईपर्यंत सोडली नाही. दुसऱ्या वर्षी तेवढंही झालं नाही. गुडघ्यापर्यंत गेले, समोरून येणारी लाट पाहिली आणि वळून सरळ मिलिंदकडे चालत आले. डोक्यावर ती रबरी टोपी तशीच. तो काहीच बोलला नाही. टिंगल करणारा माणूस गप्प बसतो तेव्हा फार लागतं. घरी येताना गाडीत मी ठरवलं, आणखी एकदा. तिसऱ्यांदा परतले असते तर चौथ्यांदा गेलेच नसते, एवढी मी मला ओळखते. आणि मग आयुष्यभर ज्या ज्या ठिकाणी समुद्र दिसला असता, त्या त्या ठिकाणी मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले असते.

ती तिसरी खेप ज्या मार्गळीनंतर आली, ती ही आठवणीतली मार्गळी.

तेव्हा आम्ही वेस्ट मांबलममध्ये तुळजामामींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. मामी सत्तरीच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि तिथलेच झाले, पण घरातली मराठी त्यांनी सोडली नाही. ती मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी चकित झाले होते. माझ्या पणजीनं बोलावी तशी जुनी, आणि तिला तमिळ हेल. 'सगळं' म्हणायच्या ऐवजी त्या 'अस्कं' म्हणायच्या, आणि वाक्याच्या शेवटी 'की' लावून ते दारासारखं लोटून घ्यायच्या.

मार्गळीत आमच्या गल्लीत बायकांची जणू चढाओढ लागायची. दारापुरतं कोलम वाढत वाढत रस्त्याच्या मध्यापर्यंत यायचं. तांदळाच्या पिठाचे ठिपके, त्यांच्याभोवती वळणं घेत जाणारी एकच रेघ, मध्ये शेणाच्या गोळ्यावर खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. आणि मी पहाटे पळायला निघाले की या कोलमांना वळसे घालत निघायची. कधी या कडेनं, कधी त्या कडेनं, कधी गटाराच्या फरशीवरून उडी मारून. आमच्याकडे रांगोळीवर पाय पडला तर आई पाठीत धपाटा घालायची. दिवाळीत पोस्टमनसुद्धा आमच्या दारात लंगडी घालत यायचा. संस्कारच तसे.

एका पहाटे मामींचं कोलम या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं होतं. वाटच नव्हती. मी कडेच्या फरशीवर उडी मारली, फरशी हलली, आणि माझा घोटा असा मुरगळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तिथंच खाली बसले. मामी हातातली पिठाची वाटी तशीच घेऊन धावत आल्या.

"अय्यो! काय झालं ग? तिकडे कां गेलीस? एवढा रस्ता आहे की!"

"मामी, रस्त्यावर तुमचं कोलम होतं."

"मग?"

"त्यावर पाय कसा देऊ?"

मग त्यांचा चेहरा असा काही बदलला की मला घोट्याचं दुखणं विसरायला झालं. "तेवढ्यासाठीं?" त्या म्हणाल्या. "रोज तूं वळसा घालून जातेस तें तेवढ्यासाठीं? मला वाटलं, हिला आमचं कोलम नको. वरून उतरते, कोलम पाहते, बाजूला होऊन जाते. माझं काय चुकलं म्हणून मीच विचार करत बसलें की!"

"अहो मामी, उलट! मोडू नये म्हणून."

"मोडायलाच घालतात की! कोण सांगटलं तुला कोलम राखून ठेवायचं असतं? थोडं मुंगी खाते, थोडं चिमणी खाते. उरलेलं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला लागून जातं. तें पीठ पायाला लागलं तर तुझं चांगलं व्हावं म्हणून तर घालायचं. सांजेला अस्कं गेलं म्हणजे कोलम बरं झालं. उद्यां नवं."

घोट्यावर बर्फ ठेवून मी त्या सकाळी ओट्यावर बसले होते, आणि समोरच्या कोलमावरून दूधवाला गेला, शाळेची रिक्षा गेली, देवळातून परतणाऱ्या बायका गेल्या. कुणी मुद्दाम तुडवत नव्हतं, कुणी चुकवतही नव्हतं. रेघा पुसट होत होत्या आणि मामी समाधानानं पाहत होत्या. पहाटे अंधारात उठायचं, कंबर मोडून इतकं सुंदर काही काढायचं, आणि ते दुपारपर्यंत जावं अशी इच्छा धरायची! मी थक्क झाले. इतके महिने मी पुण्य समजून जे करत होते, ते त्या बाईला रोज सकाळी टोचत होतं, याची लाजही वाटली.

डॉक्टरांनी पळणं बंद केलं. सायकल बंद. मार्गळीची हवा वाया चालली होती आणि मी ओट्यावर बसून मामींच्या कोलमाचे ठिपके बघत होते. देवळातून प्रसादाचं पोंगल यायचं, मऊ खिचडीसारखं, द्रोणात, वाफाळतं, वर मिरी आणि तुपाची धार. ते खात खात एकदा मी त्यांना समुद्राचं सगळं सांगून टाकलं. होडीला मारलेली मिठी, गाडीतली ती शांतता, सगळं. मामींनी मला धीर दिला नाही. 'तुला जमेल' वगैरे बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"मी ह्या ऊरांत, ह्या गांवांत जन्म काढला," त्या म्हणाल्या. "ग्रहणाला, अमावास्येला समुद्रावर गेलें. पायाचीं बोटं भिजलीं की पुरे. त्याच्या आंत काय आहे मला ठाऊक नाहीं, आणि मला नको." मग जरा थांबून ठिपक्यांवर बोट ठेवत म्हणाल्या, "पण तुला हवं आहे की. कोलमाला वळसा घातलीस, पाय मुरगळला. समुद्राला वळसा घालून कुठं जाशील?"

मी द्रोण चाटूनपुसून संपवला.

पोंगलचा, म्हणजे आपल्या संक्रांतीचा, सण उलटला, समुद्र जरा निवला, घोटाही सुधारला. शर्यतीच्या पहाटे मिलिंद गाडी काढत होता तेव्हा मामी खाली तयार उभ्या होत्या. ठेवणीतलं सुती लुगडं, केसांत मोगरा, हातात स्टीलचा डबा. "शर्यत पाहायला येतें," म्हणाल्या. डब्यात पोंगल असेल असं आम्हाला वाटलं.

शहराच्या दक्षिणेला, मच्छीमारांच्या होड्या ओढून ठेवलेल्या एका किनाऱ्यावर ती शर्यत होती. अजून सूर्य आला नव्हता. पाण्यात शिरायची जागा दोन झेंड्यांनी आखलेली. मी टोपी चढवली, चष्मा लावला. समुद्र समोर होता. काळपट, रुंद, आणि आत कुठंतरी सतत काहीतरी घासत असल्यासारखा आवाज करणारा. मी मिलिंदला म्हणाले, "मला नाही जमणार." तो माझा हात धरून नुसता उभा राहिला.

तेवढ्यात झेंड्यांच्या मध्ये मला मामी दिसल्या. वाकलेल्या. डबा उघडलेला. ओल्या वाळूवर त्या ठिपके टाकत होत्या.

शिट्टी गळ्यात अडकवलेले एक पंच घाईघाईनं त्यांच्याकडे गेले. आता बोलणी बसणार म्हणून मी पुढं झाले. पण जवळ गेल्यावर ते थांबले. काय चाललंय ते पाहिलं, पायांतल्या चपला काढल्या, आणि मामींना जागा पुरावी म्हणून एक झेंडा उपटून थोडा पलीकडे रोवला. मामींनी मान वरही केली नाही. ठिपक्यांभोवती त्यांची रेघ फिरत फिरत गेली आणि निघाली होती तिथंच येऊन मिळाली. मग कंबरेवर हात ठेवून त्या उठल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हं. पाय दे आतां."

शिट्टी झाली. माझ्या बाजूचे सगळे पाण्याकडे धावले, थेट कोलमावरून. मी एकटी त्याच्या कडेशी उभी. माझ्या आईचा धपाटा पाठीवर, समोर तो समुद्र. कोलमाला वळसा घालायला जागा होती, आणि वळसा घेतला असता तर तसाच वळत मी घरी पोचले असते, हे मला तिथं उभ्या उभ्या लख्ख कळलं. मी डोळे मिटले नाहीत. खाली पाहून, नीट मधोमध पाय दिला. पीठ गार आणि मऊ लागलं. दुसरं पाऊल टाकलं, तिसरं पाण्यात पडलं.

पहिली लाट तोंडावर आली. दुसरीखालून गेले. मग पायाखालचं गेलं. ती ओळखीची भीती आली, आणि हात पुन्हा माझे राहिनात. होडी जवळच होती. होडीतला माणूस म्हणाला, "अक्का, हवं तर धरा." मी धरली नाही. मी शूर झाले होते म्हणून नाही. पाण्यावर दूरदूर केशरी फुगे तरंगत होते, त्यांना वळसे घालत परत यायचं होतं, आणि ते पाहताना मला ओट्यावर बसून पाहिलेले ठिपके आठवले. ठिपक्यापर्यंत जायचं, त्याला वळायचं, पुढच्या ठिपक्याकडे निघायचं. रेघ परत येते. मी मामींचा हात डोळ्यांसमोर धरून पोहत राहिले.

दुसऱ्या फुग्याशी श्वासासाठी मान वळवली आणि सूर्य दिसला. आम्हा मराठी माणसांना समुद्रात सूर्य बुडताना बघायची सवय. इथं तो समुद्रातून निघतो. निघाला तो थेट माझ्या डोळ्यांच्या रेषेत, पाण्याला टेकलेला, लालभडक. दुसऱ्या बाजूला मान वळवली तर सगळा किनारा उजळला होता. नारळी, होड्या, देवळाचं शिखर, दूरवरच्या इमारती. इतकी वर्षं ज्या शहरात राहिले त्याचा हा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. तो बघायला समुद्रातच यावं लागतं. माझ्याखाली किती पाणी होतं कुणास ठाऊक. ते सगळं पाणी मला सावकाश उचलत होतं आणि सावकाश खाली ठेवत होतं, जसं आई परातीत ठेवायची. मी पाण्यात तोंड घालून रडले. चष्मा आतून भिजला. अशा रडण्याचा कुणाला पत्ता लागत नाही, हा समुद्राचा एक मोठा फायदा.

पायाला वाळू लागली. धडपडत बाहेर आले. आधी नजर झेंड्यांच्या मध्ये गेली. तिथं काही नव्हतं. तुडवलेली ओली वाळू आणि तिच्यावरून परतणारं पाणी.

"मामी," मी म्हणाले, "कोलम गेलं."

"बरं झालं की," मामी म्हणाल्या. "आतां सायकल कोण चालवणार? मी?"

मिलिंदनं बाटली पुढं केली, मी दोन घोट घेतले आणि पळाले.

सायकलवर बसले, किनाऱ्याचा रस्ता लागला. जाताना वारा पाठीशी होता. वळण घेतलं आणि तो समोर आला. मी खाली वाकले, पांढऱ्या मिशांच्या आजोबांनी सांगितल्यासारखी, आणि डोळे रस्त्यावर ठेवून पायडल मारत राहिले. डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. अशा वेळी नुकतंच पाहिलेलं एखादं चित्र आपोआप परत येतं. मला मामी दिसल्या. हातात रिकामा डबा, केसांतला मोगरा विस्कटलेला, 'बरं झालं की' म्हणताना आवाज जरा चढलेला. आणि मग मला दिसलं ते, जे किनाऱ्यावर समोर असून मी पाहिलं नव्हतं. ज्या बाईनं सत्तर वर्षं समुद्राला पायाच्या बोटांपलीकडे येऊ दिलं नव्हतं, तिचं ठेवणीतलं लुगडं मांड्यांपर्यंत ओलंचिंब होतं.